डाव्या कोपऱ्यातला गडी

दादा सिंदीच्या कबड्डी संघाचा कर्णधार होता आणि मी वर्ध्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. संघाच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून मी एकेक चढाई, एकेक पकड लॅपटॉपवर भरली होती. त्यावरून पुढच्या सामन्याचा अंदाज काढायचे. तो बरेचदा खरा निघायचा.

बचावाच्या साखळीत दादाचा मित्र डाव्या कोपऱ्यात असायचा आणि दादा त्याच्या शेजारी, हातात हात धरून. शाळेपासून त्यांची हीच जोडी. त्या उन्हाळ्यात गिरडहून परतताना मित्र अपघातात गेला.

हिवाळ्यात समुद्रपूरकडे स्पर्धा होती. मित्राच्या जागी आलेला नवा खेळाडू चांगला चपळ होता. त्याचेही आकडे भरले. सिंदी सहज जिंकेल, असं उत्तर आलं आणि मी ते दादाला सांगितलं.

सामना सुरू झाला. समोरचा गडी चढाईला आला तसा दादाने सवयीने डावा हात पुढे केला. नव्या खेळाडूने तो धरला आणि दादा एकदम दचकला. हात सुटला. तेवढ्या फटीतून गडी दोघांना शिवून परत गेला. पुढच्या चढाईला तेच. मग दादाने हात पुढे करणंच सोडलं.

"कोपरा मोकळाच ठेवला का यायनं?" माझ्या शेजारचे म्हातारे बाबा म्हणाले. नवा खेळाडू तर तिथेच उभा होता. पण मलाही तो दिसेनासा झाला होता.

आम्ही हरलो. परतताना गाडीत दादाने हळूच विचारलं, "तुह्या कम्प्युटरात तो अजून खेळून राह्यला का?"

"हो."

"पकडते?"

"पकडते, दादा."

"मंग त्याले काढू नको."

दादाच्या मित्राला मी एकदा काढून पाहिलं होतं. तो खेळलेले सगळे सामने वगळले, तर अंदाज काढावा इतकं काही उरतच नव्हतं. परत टाकले.

दादा आता उजव्या बाजूला खेळतो. संघ कधी जिंकतो, बरेचदा हरतो. पोरं मात्र अजून विचारतात, "ताई, यंदा काय म्हणते तुमचा कम्प्युटर?"

"जिंकते म्हणते," मी सांगते. तो दर वर्षी तेच म्हणतो.