शैलजाताईंना बोलवा

शुक्रवार, ४ ऑक्टोबर १९९६, संध्याकाळी सात. हजर: मी, टेलिफोन, फोनची वही आणि तिला सुतळीने बांधलेलं पेन. गैरहजर: मुलगा नितीन, मुक्काम मस्कत. आमच्या घरची हजेरी लवकर आटोपते.

फोनसाठी सात वर्षं नंबर लावला होता. तो आला तेव्हा हे नव्हते आणि नितीन बॅग भरत होता. म्हणजे फोन आला आणि बोलायची माणसं गेली! इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत मात्र तो पहिलाच. महिन्याभरात माझा नंबर, मागे 'पी.पी.', म्हणजे शेजारचा फोन, असं लावून, सगळ्यांच्या कार्डांवर छापला गेला. (निकमवहिनींनी तर लेकीच्या लग्नपत्रिकेत छापला आणि मग मला विचारलं.)

मी व्यवस्थित बाई. वही घातली, रकाने आखले: वेळ, कोणाचा, कोणासाठी, बोलावलं का. नियम ठरवला: नाव लिहायचं, 'दहा मिनिटांनी करा' म्हणून फोन ठेवायचा, चिठ्ठी घेऊन त्या घरी जायचं. गल्ली खूश होती. मीही. कोणीतरी रोज माझ्याकडे येत होतं, भले माझ्यासाठी नसेना!

आदल्या शुक्रवारी नितीन म्हणाला होता, "आई, रजा दिवाळीत घेऊ की मे महिन्यात? विचार करून ठेव. पुढच्या शुक्रवारी रात्री साहेबांना सांगायचंय. घरीच थांब हं."

"मी कुठे जाणारे?" मी म्हणाले. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

बोलायच्या मुद्द्यांची यादी तयार होती. एक: दिवाळीत ये. दोन: एका मुद्द्याची यादी बरी दिसत नाही म्हणून 'चकली की शेव'.

सातला घंटी वाजली. निकमवहिनींची लेक! धावत जाऊन वहिनींना आणलं. वहिनी रडल्या, हसल्या, मग फोनवर हात ठेवून म्हणाल्या, "शैलजाताई, जरा पाणी देता? आता जावईबापू बोलणारेत!" त्या गेल्या तोच पवारकाकांच्या देवळा गावच्या भावाचा फोन. काका बनियनवरच आले. "लय पाऊस हाय का? मंग कांदा झाक ना!" एवढ्या मोठ्याने, की तारेची गरजच नव्हती. काका पायरी उतरतात तोच वहिनींच्या विहीणबाई! पुन्हा चिठ्ठी, पुन्हा चपला.

आठला पुन्हा घंटी. नुसती खरखर, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"बोला, कोणाला बोलवायचं?" मी पेन उचललं.

"शैलजाताई आहेत का?"

"बघते. कोण बोलतंय?"

"नितीन."

"दहा मिनिटांनी करा, बोलावून आणते."

ठेवला! नोंद केली, चिठ्ठी लिहिली, चपला घातल्या आणि निघाले. पवारांचं घर मागे पडलं, निकमांचं मागे पडलं. गल्ली संपली तेव्हा कोणाच्या घरी जायचंय ते बघावं म्हणून दिव्याखाली चिठ्ठी उघडली.

धावत परत आले, तर माझ्याच खुर्चीत पवारकाका! फोन वाजताना ऐकून त्यांनी उचलला होता आणि योगायोगाने तो त्यांचाच निघाला होता.

"काका, ठेवा! नितीनचा यायचाय!"

"येकच मिनिट, शैलजाताई. ताडपत्री सापडंना झालीय त्याला."

ताडपत्री सापडायला अर्धा तास लागला. त्यानंतर मी झोपेपर्यंत फोनजवळ बसले. गल्लीतल्या एकाही माणसाची त्या रात्री कोणाला आठवण झाली नाही.

पंधरा दिवसांनी नितीनचं पत्र आलं. "आई, नंतर सारखा लावत होतो, एंगेजच. साहेब थांबेनात, मे महिना सांगून टाकला. आणि फोन उचलणाऱ्या त्या शेजारच्या बाई कोण गं? फारच तुटक बोलतात."

दिवाळीत चकली केली. शेवही केली. गल्लीत वाटली.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. निकमवहिनी भाजी घेता घेता लेकीशी बोलतात, पवारकाका रस्त्यात उभे राहून ओरडतात. माझा फोन मी दर शुक्रवारी पुसते आणि उचलून बघते, चालू आहे की नाही ते. चालू असतो. वही अजून शेजारीच आहे. सगळ्या ओळींवर बरोबरच्या खुणा आहेत, फक्त ४ ऑक्टोबर, रात्री आठची एक ओळ राहिली आहे. कोणाचा: नितीन. कोणासाठी: शैलजाताई. बोलावलं का: कोरं.

एकदा जाऊन बोलवायला हवं बाईंना. दिवसभर घरीच असतात म्हणे.