बाबीदादांची बरणी

बाबीदादा भिंतीला तळहात लावून ऐकायचे. करी रोडच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलं, तिथेच कान गेले. पण गणपतीच्या आगमनाचा डीजे दोन गल्ल्या लांब असला, तरी माझ्याआधी त्यांना कळायचं. मग दारोदार सांगत सुटायचे, "काचेचा, मातीचा सगळा खाली ठेवा. गोधडीवर!"

मला ते खूळ वाटायचं. मी त्यांच्या कानाशी ओरडायचे, "आवाजाला काय हात असतात, वस्तू फोडायला?"

"फोडणा नाय गे वयनी, ढकलता. साच्यावर ठेवलेलो चायचो गिलास आपसूक चलत जाय. माझ्या डोळ्यान बघलंय."

त्यांच्या घरात जपण्यासारखी वस्तू एकच. बायकोची लोणच्याची बरणी, चिनीमातीची. बायको गेल्यापासून ती रिकामीच होती. तरी दर आगमनाला आधी ती खाली यायची, मग दादा बाकीच्यांकडे जायचे.

त्या रविवारी दुपारी डीजे अचानक मागच्या गल्लीतून आला. मी फळीवरचं काही उतरवलं नव्हतं. मुद्दामच. दादा लगबगीने आपल्या खोलीकडे निघाले होते. जाता जाता गॅलरीतून त्यांनी पाहिलं, माझा एक कप फळीच्या काठाशी आला होता. न विचारता आत शिरले, स्टुलावर चढले.

"वयनी, धर!"

भिंत थरथरत होती. ते एकेक कप देत होते, मी खाली ठेवत होते. सहाही उतरले. तेवढ्यात गाणं संपलं आणि त्याच क्षणी शेजारी काहीतरी फुटलं. मी ऐकलं. त्यांनी नाही. ते स्टुलावर उभे राहून हसत होते.

"बघ, एक पन फुटलो नाय!"

मी त्यांच्या खोलीकडे बोट दाखवलं.

त्यांनी खाली बसून तुकडे गोळा केले. शेवटी एवढंच विचारलं, "तुझे कप ऱ्हवले मां?" मी मान हलवली. चुकले म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.

दादा गेले, त्याला बरीच वर्षं झाली. आता आगमनाच्या दिवशी सकाळपासून मला एका जागी बसवत नाही. कप खाली उतरवते आणि शेजाऱ्यांच्या दारात जाते. नव्या सुना हसतात.

"आजी, आवाजाने काय फुटतं हो?"

"बरणी," मी सांगते, आणि पुढच्या दाराकडे वळते.