बातम्या आणायच्या कोणी?

आधी दोन लांब शिट्ट्या, मग तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चुरचुर आणि मग एकाएकी शांतता! नव्वदच्या दशकाच्या अगदी अखेरीस, चामराजपेटेतल्या सुमित्राअक्कांच्या घरी मोडेम फोनच्या तारेवरून इंटरनेटला जोडला गेला, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! मी नागपूरहून आलेला, स्वतःच्या बुद्धीवर निःशंक श्रद्धा असलेला प्रोग्रामर. अक्का माझ्या वरिष्ठ. त्यांचं कानडी घराणं इथं कित्येक पिढ्या रुजलेलं.

ब्लॉग, म्हणजे इंटरनेटवरची रोजनिशी, ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. त्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करत होतो. लिहिणाऱ्याला आवडत्या संकेतस्थळांवरच्या ताज्या बातम्या एकत्र मिळाव्यात, ही कल्पना. पण त्या गोळा कोणी करायच्या? मी म्हणे, प्रत्येकाच्या घरच्या संगणकाने. आपण काय वाचतो हे परक्याला कळावंच कशाला? अक्का म्हणत, ऑफिसातल्या सर्व्हरने, म्हणजे सामाईक मोठ्या संगणकाने, सगळ्यांसाठी एकदाच आणाव्यात.

"सरी, ठीक आहे, रविवारी आमच्याच घरी तुझा प्रोग्राम चालवून बघू," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी माझा प्रोग्राम एकेका संकेतस्थळाचं दार ठोठावत बसला. तास गेला, दीड तास गेला. अक्कांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी म्हणालो, "स्वल्प थांबा अक्का, होतच आलंय." इतक्यात कोपऱ्यावरचे औषधवाले अण्णा धापा टाकत दारात आले.

"किती वेळ तुमचा फोन एंगेज! हुबळीहून जावयांनी शेवटी माझ्या दुकानात केला. तुमच्या बहिणीला बाळंतपणासाठी ऑपरेशनला नेतायत. तुमच्या आईंना लगेच निघायला सांगितलंय."

अक्कांच्या आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर किती बरं झालं असतं! सकाळची गाडी निघून गेली होती. त्या मिळेल त्या बसने निघाल्या. वाटेत लेकीची खबर कळायला काहीच मार्ग नव्हता. अक्का आणि मी फोनजवळ बसून राहिलो. त्याची घंटा वाजली ती दुपार कलल्यावर: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

घराचं खासगीपण जपायला निघालेल्या मी त्याच घराची एकुलती एक तार अडवून ठेवली होती. तत्त्व कितीही निर्मळ असो, ते कुणाच्या अंगणातून वाहतं हे पाहायला नको का?

सोमवारी मी म्हणालो, "अक्का, तुमचंच बरोबर."

"अर्धंच," त्या म्हणाल्या. "तुझी भीती खोटी नाही रे."

मग सर्व्हरने सगळ्या बातम्या आणून एकच गठ्ठा करायचा आणि त्यातली निवड ज्याने-त्याने घरी करायची, असं ठरलं. कोण काय वाचतं याची नोंद ठेवा, असं साहेबांनी सुचवलं, तेव्हा अक्का शांतपणे "नाही" म्हणाल्या आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आयुष्यात बरोबर ठरण्याहून बरोबर माणसाशेजारी उभं राहणं अधिक मोलाचं, हे मला तिथं उमगलं.

आई परतल्यावर नवा प्रोग्राम त्यांच्याच घरी चालवला. दोन मिनिटांत काम आटोपलं. मी त्याची रचना उत्साहाने समजावू लागलो, तर आई म्हणाल्या, "झालं ना? मग सरक बघू." त्यांनी हुबळीचा नंबर फिरवला, लेकीशी दोन शब्द बोलल्या आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडे ती चिमुरडी रडत होती, खणखणीत आणि अखंड. मी कितीतरी वेळ ऐकत राहिलो.