वासावर जेवलेली खिचडी

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. आत्मा, संकेत, व्हायब्रेशन्स... काही नाही. ‘पॉझिटिव्ह राहा, सगळं छान होईल’ यावर तर त्याहून नाही. ब्रेस्ट कॅन्सर झाल्यापासून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की एखादं भूत तरी वेगळं काहीतरी बोलेल असं वाटायचं. तर जे घडलं ते लिहिते. पटलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

आम्ही सीवूड्सला राहतो, सहाव्या मजल्यावर. नवरा तळोज्याला कंपनीत. माझं माहेर बोनकोडे, आगऱ्यांचं गाव, त्यामुळे सुक्या मासळीशिवाय घास उतरत नाही. आणि समोरच्या फ्लॅटमध्ये जोशी काकू, पक्क्या शाकाहारी! मी बोंबील भाजले की काकू नाकाला पदर लावून बेल वाजवणार, मी त्यांच्या हिंगाच्या फोडणीचा उद्धार करणार... वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि छान चाललं होतं.

माझे केस गेले आणि भांडणही गेलं. काकू मुगाची खिचडी आणून द्यायला लागल्या, तीही हळू आवाजात. नवरा हळू बोलायचा, बिल्डिंगमधल्या बायका तर कुजबुजायच्याच. मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं माझ्याशी बोलायचे. मला भयंकर राग यायचा, पण तो काढायला समोर कोणी उभंच राहत नव्हतं.

त्यात केमोमुळे जेवण जाईना. तोंडाला गंजाची चव, कसल्याही वासाने उलटी. म्हणून नवऱ्याने सुक्या मासळीचा डबा बोनकोड्याला वहिनीकडे पोचवला आणि किचनची डक्टकडची खिडकी चिकटपट्टी लावून बंद केली. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर पुढची केमो लांबवावी लागेल. घरचे घाबरले. मी नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं, एकदा लांबली की परत जायचंच नाही. हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी घरात एकटी सोफ्यावर पडले होते. काकूंची खिचडी ओट्यावर तशीच झाकलेली. आणि वास आला — सुके बोंबील, थेट जाळावर भाजलेले. मळमळलं नाही, उलट तोंडाला पाणी सुटलं. म्हटलं, झालं, आता डोकंही गेलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात काकू, नाकाला पदर. “काय हे वैशाली, आजारी आहेस म्हणून मी गप्प बसायचं का?”

खरं सांगते, मला रडूच आलं. इतक्या महिन्यांनी कोणीतरी माझ्यावर ओरडलं होतं. मी म्हटलं, बसू नका गप्प, नाक दाबा. मग काय, हिंगापासून लिफ्टपर्यंत सगळं निघालं. भांडता भांडता काकू गॅस बंद करायला किचनमध्ये शिरल्या.

गॅस बंदच होता. शेगडी कोरडी, थंडगार. काकूंनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. मी बाहेर जाऊन आले. लॉबीत वास नाही, जिन्यात नाही. खिडकीची पट्टी जशीच्या तशी. वास फक्त त्या शेगडीवर.

काकू हळूच म्हणाल्या, “एका बाजूने करपतंय गं.”

माझ्या आईचे बोंबील नेहमी एका बाजूने करपायचे, कारण भाजता भाजता ती दारात जाऊन कोणाशी तरी भांडत असायची. मी रुसून ताटावरून उठले की म्हणायची, “भांडायला पन ताकद लागते, आदी जेव.” आईला जाऊन खूप वर्षं झाली. काकूंनी तिला कधी पाहिलेलंही नाही.

आणि मला भूक लागली. कडकडून. घरात बोंबलाचा तुकडा नाही. काकूंनी खिचडीवरचं झाकण काढलं, ताटलीत वाढली, चमचा माझ्या हातात दिला आणि स्वतः पदराने नाक दाबून उभ्या राहिल्या.

“खा पटकन,” त्या म्हणाल्या, “वास जायच्या आत.”

मी दोनदा वाढून घेतली. दुसरी ताटली संपली तेव्हा वासही गेला होता.

हॉस्पिटलमधल्या काउन्सेलर म्हणाल्या, केमोत असे नसलेले वास येतात. येत असतील. मग काकूंना कुठली केमो चालू होती? आई आली होती, असंही मी म्हणत नाही. ती आली असती तर काकूंशी भांडल्याशिवाय गेली नसती. मला काही माहीत नाही, बस. केमो मात्र सगळ्या पूर्ण केल्या. आता पुढचं काय ते रिपोर्ट सांगतील, मी बसून वाट बघणार नाही.

डबा वहिनीकडून परत आणलाय. परवा बोंबील भाजले आणि बेल वाजली. दारात काकू, नाकाला पदर. मीही कंबर कसून तयार होते. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “आधी जेव. मग भांडू.”

आईचं ते वाक्य मी काकूंना आजपर्यंत सांगितलेलं नाही.