खडेमीठ आणि घट्ट थर

ऐंशी सालाच्या आसपास मी समुद्रातल्या तेलविहिरींवर नोकरीला होतो. तळाखाली चुनखडक. तेल भरपूर, पण खडक इतका घट्ट की ते विहिरीपर्यंत यायला तयार नाही. मग आम्ही वरून अ‍ॅसिड ढकलायचो. त्यानं खडक खाऊन तेलाला वाट करून द्यावी, अशी साहेबांची अपेक्षा. अ‍ॅसिड मात्र महा आळशी. आधीच भेग असेल तिथंच घुसायचं, आणि घट्ट थर होता तसाच. म्हणून आधी खडेमीठ सोडून मोकळ्या भेगा बुजवायच्या, की अ‍ॅसिड झक मारत घट्ट थराकडे वळतं. मीठ मागाहून पाण्यात विरघळून जातं. वसईचा माणूस समुद्रात मीठ टाकायचा पगार घेतो, हे ऐकून आमचं अख्खं पापडी गाव पोट धरून हसलं.

आमच्या घरातला घट्ट थर म्हणजे बाबा. त्यांना काहीही विचारा, उत्तर आई द्यायची. मला राजोडीच्या एका शिक्षिकेशी लग्न करायचं होतं. आई म्हणाली, "बाबांना पसंत नाय." बाबा समोरच बसून विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत होते. दर सुट्टीत हेच. इकडे तिच्या घरचे दुसरी स्थळं बघायला लागले, तशी माझी झोप उडाली.

शेवटी मी आईला बांद्र्याच्या चर्चमधल्या माउलीच्या यात्रेच्या गाडीत बसवून दिलं आणि वाडीत बाबांसमोर जाऊन बसलो.

"बाबा, त्या मुलीत तुम्हाला खुपतं तरी काय?"

"मला?" ते म्हणाले. "चांगली हाय की पोरगी. मी कधी नको म्हटलं?"

म्हणजे इतके दिवस मी भलत्याच थराच्या मागे लागलो होतो. असा संताप आला!

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी आई बोलत होती ना." मग इकडेतिकडे बघत, "आणि मी हो म्हटलं ते तिला सांगू नको."

संध्याकाळी आई परतली. चपला काढता काढताच म्हणाली, "माउलीला सांगून आले, पोराचं डोकं ठिकाणावर येऊ दे. बाबांना पसंत नाय म्हणजे नाय."

मी तोंड उघडणार, तोच खाटेवरून बाबा म्हणाले, "मला पसंत हाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "यांच्याशी बोललं कोण?"