झरीच्या कॉम्प्युटरवरची तीन खाती

परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. डबा उघडला की धूळ, झुरळं आणि घरातली भांडणं सोबतच बाहेर येतात. त्यातही जवळच्या झरी गावातल्या एका घरानं मला जेवढं दिलं, तेवढं अख्ख्या बाजारानं दिलं नसेल. सगळंच हसण्यासारखं नाही, आधीच सांगून ठेवतो.

*

संदीप माझा शाळेपासूनचा दोस्त. नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथेच युकोशी लग्न केलं. इकडे त्याची आई वारली, वडील एकटे पडले, म्हणून दोघं झरीला परत आले. त्याचं काम इंग्रजीत, तिचं जपानीत आणि दोघांत मिळून कॉम्प्युटर एक! मी मोठ्या हौसेनं की-बोर्डवर जपानी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. संदीपचे वडील, आबा, शेजारी बसून बघत होते.

"सुनंनं सैपाकघर घेतलं, मी काय बोललो न्हाई. आता बटनं बी घेतली का?"

युको हसली. "भाऊजी, स्टिकर नको. मी इंग्रजीच बटणं दाबते. पडद्यावर जपानी होतं."

दुपारभर चिकटवलेले स्टिकर मी संध्याकाळपर्यंत नखानं खरवडत बसलो.

*

दोघांची खाती वेगळी केली, पासवर्ड वेगळे दिले. आबा भडकले.

"एका घरात दोन कुलपं? आमच्या धान्याच्या कोठीला बी कधी कुलूप नव्हतं!"

"आबा, तिचं जपानीत उघडतं, त्याचं इंग्रजीत. एवढंच हाय."

"मंग माझं कशात उघडतंय?"

मी मुकाट तिसरं खातं काढलं. नाव 'आबा', पासवर्ड नाही आणि पडद्यावर एकच चित्र, युकोच्या आईचा फोटो. त्यावर दाबलं की थेट जपानला व्हिडिओ कॉल!

*

मग रोज संध्याकाळी आबा धुतलेला पटका बांधून खुर्चीत बसायला लागले.

"विहीणबाई, चा झाला का?"

तिकडून म्हातारी वाकून नमस्कार करायची. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं. हे ज्वारीचं कणीस दाखवायचे, ती सुकवलेली फळं दाखवायची. एकदा युको अर्थ सांगायला मध्ये बसली, तर आबा म्हणाले, "तू ऊठ. आमाला समदं समजायलंय."

*

खंडेनवमी आली. आबांनी विळे, कुदळी, फवारणीचा पंप धुऊन मांडले आणि त्या वर्षी कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लावलं. वर झेंडूचा हार घातला आणि प्लग काढून ठेवला. "आज हत्याराला इसावा. उद्या दसऱ्याला चालू करू."

युकोची आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती. आबांच्या जिवाला घोर नको म्हणून विहीणबाई गावाला गेल्यात, एवढंच युकोनं त्यांना सांगितलं होतं. दवाखान्याचे फोन त्या कॉम्प्युटरवरच यायचे, कारण तिच्या मोबाईलला झरीत रेंज नव्हती. संदीप खरेदीला परभणीला आला होता. ती दिवसभर बंद पडद्याकडे बघत राहिली, पण हाराला हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी प्लग लावला आणि राहिलेले कॉल एकाखाली एक दिसायला लागले. आई आदल्या दिवशीच गेली होती.

"मला सांगितलं का न्हाई गं?" आबा म्हणाले. "हार काय, मी फेकून दिला असता."

"आबा, तुम्ही पूजा केली होती," ती एवढंच बोलली. हे नंतर संदीपनं सांगितलं. मला आजही वाईट वाटतं.

*

महिन्याभरानं आबा एकटेच दुकानात आले.

"त्या कॉम्प्युटरचं बंद करायचं बटन काढून टाक."

"आबा, बटण काढलं तरी लाईट जातेच की."

"मंग लाईट गेली तरी चालंल असं बसव."

मी बॅटरी बसवून दिली. तिच्यावर कॉम्प्युटर किती वेळ चालतो, हे त्यांनी तीनदा विचारलं.

*

यंदा खंडेनवमीला मी झरीला गेलो. अंगणात विळे-कुदळी हळद-कुंकू लावून मांडलेले होते. युको पुरणाचं बघत होती. आत कॉम्प्युटर मात्र चालू होता, त्याला ना कुंकू, ना हार. आबा धुतलेला पटका बांधून समोर बसले होते. पडद्यावर विहीणबाईंचा फोटो होता आणि रिंग जात होती. कोणी उचललं नाही, कॉल कटला. आबांनी परत फोटोवर दाबलं.

"आबा, काय करायलाव?"

"विहीणबाईला सांगायलोय," ते मागे न बघता म्हणाले, "आज बंद न्हाई म्हणून."