रझियाआपा आणि आमच्या घरातलं बोलणं

शारजातल्या गॅरेजमध्ये मी गाडीखाली होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. शेजारच्या रझियाआपा सकाळी गेल्या. हातातला पाना ठेवला आणि तसाच बसून राहिलो… महिना उलटला, पण अजून जिना चढताना त्यांच्या दाराशी पाय थबकतो.

आपा रत्नागिरीकडच्या, दवाखान्यात रिसेप्शनवर होत्या, इंग्लिश फाडफाड. माझी शाळा आठवीतच सुटलेली. मुलीच्या, सानिकाच्या, शाळेचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. ती केजीत असताना टीचर म्हणाली, घरी इंग्लिशच बोला. मी ते मनावर घेतलं. पण माझं इंग्लिश गॅरेजमधलं. ओके, फिनिश, टुमॉरो. पोरीला मांडीवर घेऊन तेवढंच किती बोलणार? बायकोचं तर त्याहून कमी. मराठी बोललो तर पोरीचं नुकसान, या धास्तीने आम्ही दोघंही तिच्यासमोर गप्प राहायला लागलो. इंग्लिश कार्टून लावून द्यायचो. हळूहळू तीही माझ्याकडे बघेनाशी झाली…

आपांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. एक दिवस घावन घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय रे, भांडलायत की काय? तुमच्याकडून नुसती कार्टूनं ऐकू येतात." मी टीचरचं सांगितलं. आधी पोट धरून हसल्या. "खुळा रे खुळा. इंग्लिश शाळा देईल, फी घेते ती. तू गावच्या म्हशीचं सांग, मार खाल्लास ते सांग." मग आवाज खाली आला. "माझा सलीम कॅनडात. त्याला आपलं सगळं कळतं, बोलायला लाजतो. बापाला इंग्लिश येत नाही, दोघांना बोलायचं तर मधे मी लागते. मी हौसेनं लहानपणी त्याच्याशी इंग्लिशच बोलले… तू नको करू."

सुट्टी काढून त्या शाळेतही आमच्याबरोबर आल्या. टीचरला काय काय सांगितलं, निम्मं मला कळलं नाही. शेवटी टीचर हसली, एवढं कळलं. बाहेर येऊन आपा म्हणाल्या, "खलास. आता घरी बोल." त्या संध्याकाळी मी म्हशीपासून सुरुवात केली. आज सानिका बारा वर्षांची आहे. उत्तर पुष्कळदा इंग्लिशमध्येच देते, पण मनातलं काही सांगायचं असलं की मराठीत येते. माझी पोर माझ्यापाशी राहिली ती आपांमुळे.

आता आपांचे यजमान, इस्माईलचाचा, एकटेच. रविवारी सलीमचा फोन आला की आपा स्पीकर लावून बापलेकांच्या मधे बसायच्या, सलीमचं इंग्लिश चाचांना मराठीत सांगायच्या. परवा मी आणि सानिका डबा घेऊन गेलो, तेव्हाच फोन वाजला. चाचांनी उचलला, क्षणभर ऐकलं आणि सवयीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे धरला. मग सानिकाकडे. सलीम इंग्लिशमध्ये विचारत होता, अब्बा नीट जेवतात का. मला वाटलं, सानिका आता सांगेल चाचांना. पण ती फोनमध्ये म्हणाली, "सलीमभाई, तुम्हीच विचारा ना. ते इथेच आहेत."

पलीकडून अडखळत आवाज आला, "अब्बा… जेवलात?"

चाचांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "नाय अजून. वांगं आलंय शेजारून. तू जेवलास काय?"